कोळसा खाणीतला कामगार, पलटणीतला बोगदेवाला : विल्यम हॅकेट

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे इंग्रज सरकारचे लढाईतले सर्वात मोठे पदक. हे नाव निघाले की आपल्याकडच्या माणसाला नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे आठवतात. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांचीही कामगिरी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवरची. घाडगे १९४४ साली तिथेच पडले. जाधवांनी १९४५ साली गोळ्यांच्या माऱ्यातून जखमी सोबत्यांना उचलून सुरक्षित जागी आणले. आम्ही आज ज्यांचे चरित्र सांगणार आहोत त्या विल्यम हॅकेट यांनाही हेच पदक मिळाले, पण पहिल्या महायुद्धात आणि निराळ्याच कारणासाठी. त्यांनी त्या दिवशी कुणावर गोळी झाडली नाही, कोणते ठाणे जिंकले नाही. जमिनीखाली अडकलेल्या एका पोराला टाकून वर यायला त्यांनी नकार दिला, एवढंच. तो पोरगा त्यांच्या नात्याचा नव्हता, गावचा नव्हता, त्यांच्या पलटणीचासुद्धा नव्हता.

युद्धाच्या इतिहासाची पुस्तके हॅकेट यांचे शेवटचे काही तास सांगतात आणि पुढे जातात. आम्हाला त्याच्या आधीची बेचाळीस वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. कारण त्या अंधारात ते जसे वागले ते सैन्यात शिकलेले नव्हते. सैन्यात शिकायला त्यांना जेमतेम दोन आठवडे मिळाले. ते जे काही शिकले ते कोळशाच्या खाणीत.

विल्यम हॅकेट यांचा जन्म ११ जून १८७३ रोजी इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहराच्या स्नेन्टन भागात झाला. शाळेशी संबंध आला नाही असेच म्हटले पाहिजे, कारण जन्मभर त्यांना लिहिता वाचता आले नाही. तरुणपणी पोटासाठी ते उत्तरेला यॉर्कशायरच्या दक्षिण भागात गेले. तिथे डॉन नावाची नदी आहे. या नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळशाचा मोठा थर, बार्न्सली थर म्हणून प्रसिद्ध. त्या थरावर खाणी निघाल्या आणि खाणींच्या तोंडाशी गावे उभी राहिली. डेनाबी मेन हे त्यातलेच एक गाव. गाव कसले, कंपनीची वसाहतच ती. खाण कंपनीची, घरे कंपनीची, दुकान कंपनीच्या मेहेरबानीवर. हॅकेट या डेनाबी मेन खाणीत अनेक वर्षे राबले आणि नंतर जवळच्या मॅन्व्हर्स मेन खाणीत गेले. बिऱ्हाड मेक्सबरो या गावी.

खाणीतले काम कसे असते हे गिरणीत काम केलेल्या माणसाला थोडे थोडे कळू शकेल, सगळे नाही. आमच्या खात्यात कापसाची पूड नाकातोंडात जायची, उकाडा असायचा, यंत्रांच्या आवाजानं कान बधिर व्हायचे. पण डोक्यावर छप्पर होतं आणि ते आपल्या अंगावर येईल अशी धास्ती नव्हती. खाणीत माणूस लोखंडी पिंजऱ्यातून शेकडो हात खाली जातो. तिथून पुढे चालत, मग वाकून, काही ठिकाणी रांगत आपल्या जागेवर जायचं. हातात बंदिस्त काचेचा दिवा, कारण उघड्या ज्योतीनं हवेतला वायू पेट घेतो. पहार आणि कुदळीने कोळसा पाडायचा, फावड्याने डब्यात भरायचा, डबे रुळावरून ढकलत न्यायचे. या खाणींतून डबे ओढायला तट्टेसुद्धा ठेवत. छताला लाकडाचे टेकू लावायचे आणि सतत कान देऊन ऐकायचं. लाकूड करकरलं तर तिथून निघायचं. जुन्या खाणवाल्याला छताचा आवाज आपल्या पोराच्या आवाजासारखा ओळखता येतो असं म्हणतात.

आपल्या देशातल्या कोळसा खाणी पाहायला डिसेंबर १९४३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे मंत्री म्हणून धनबादला गेले होते आणि स्वतः खाणीत खाली उतरले होते. त्यानंतर जानेवारी १९४४ मध्ये खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. वरच्या कचेरीत बसून ज्यांना हे काम समजत नव्हते त्यांच्यासाठी हे सांगितले. असो.

मजुरी पाडलेल्या कोळशाच्या टनावर. म्हणजे कोळसा निघाला तर पैसे, नुसती माती निघाली तर हात हलवत घरी. डेनाबीच्या थरात कोळशाच्या वर मातीचा एक पट्टा असायचा. ती माती काढल्याशिवाय कोळशाला हात लावणं धोक्याचं. पण माती काढण्याचे पैसे कंपनी देईना. कामगार माती काढेनात तर कंपनीने दुसऱ्या माणसांकडून ती काढून घेतली आणि तो खर्च कामगारांच्याच पगारातून कापला! खराब कापडाचा दंड विणकाराच्या पगारातून कापायची मुंबईच्या गिरण्यांतली जुनी पद्धत ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९०२ च्या जूनअखेर डेनाबी आणि शेजारच्या केडबी या एकाच कंपनीच्या दोन्ही खाणींत संप झाला. जानेवारी १९०३ मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, पोलिसांच्या बंदोबस्तात कंपनीने शेकडो कुटुंबांचे सामान रस्त्यावर काढले. बायामाणसं, तान्ही पोरं तंबूत आणि प्रार्थनागृहांत राहिली. मार्चमध्ये संप मोडला. कंपनीने पुढे युनियनवर नुकसानभरपाईचा दावा लावला, पण तो १९०६ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये फेटाळला गेला. कोर्टात युनियन जिंकली, पण घरातून बाहेर काढलेल्यांची ती थंडी काही परत घेता आली नाही.

या गावच्या मातीत हॅकेट यांनी संसार मांडला. १६ एप्रिल १९०० रोजी कॉनिसबरो येथे अ‍ॅलिस टूबी या मुलीशी त्यांचे लग्न झाले. मुलगा आर्थर आणि मुलगी मेरी असे चौघांचे कुटुंब. नवरा खाणीत, बायको घरी, आणि घरातले काम म्हणजे काय तर काळा झालेला माणूस रोज पाळीवरून परत येणार, त्याच्यासाठी पाणी तापवायचं, काळे कपडे धुवायचे, आणि खाणीकडून लोक धावत आले तर दार उघडून बाहेर बघायचं की आपल्या घराकडे येताहेत की शेजारच्या. खाणवाल्याच्या बायकोचं आयुष्य असंच जायचं.

९ जुलै १९१२ रोजी केडबीच्या खाणीत ही धावपळ झाली. पहाटेच्या सुमारास वायूचा स्फोट झाला आणि आतले ३५ जण गेले. त्या दिवसांत राजा पाचवा जॉर्ज आणि राणी जवळच्याच एका सरदाराच्या वाड्यावर मुक्कामाला होते, त्यामुळे पुष्कळ माणसे त्या पाळीला आलीच नव्हती, नाहीतर आकडा किती झाला असता कुणास ठाऊक. बचाव पथके खाली उतरली. सकाळ सरता सरता दुसरा स्फोट झाला आणि वाचवायला गेलेलेच सापडले. ५० हून जास्त बचाववाले एका झटक्यात गेले, त्यात सरकारचे खाण निरीक्षकही होते. सगळे मिळून ९१ माणसे मेली. संध्याकाळी राजा आणि राणी खाणीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. हा राजा आपल्या गोष्टीत आणखी एकदा येणार आहे.

केडबी ही डेनाबीला लागून असलेली खाण. पहिल्या स्फोटानंतर आत वायू आहे, पुन्हा भडका उडू शकतो, हे खाली जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ते गेले. खाणीच्या गावात हा न लिहिलेला कायदा आहे. खाली माणूस जिवंत असेल असं वाटत असेपर्यंत त्याला सोडून वर यायचं नाही. हा कायदा कुठल्या कंपनीने केला नाही आणि कुठल्या सरकारने छापला नाही. हॅकेट यांनी ज्या खोऱ्यात उमेदीची वर्षे काढली ते खोरे हे असे.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. भिंतीभिंतींवर भरतीच्या जाहिराती लागल्या. खाणीतून तरुण पोरं रांगा लावून सैन्यात जाऊ लागली. हॅकेट तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे. ते यॉर्क अँड लँकेस्टर रेजिमेंटच्या भरतीला गेले तर वय जास्त म्हणून परत पाठवले. पुन्हा गेले, पुन्हा परत. तिसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदाही परत. हृदयही ठीक नाही असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. म्हणजे हृदय खाणीत रोज कुदळ मारायला ठीक होतं, बंदूक धरायला ठीक नव्हतं! भरतीच्या दारातून परत पाठवणे म्हणजे काय हे आमच्या समाजाला वेगळ्या अंगाने माहीत आहे. ज्या महारांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत चाकरी केली त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जातीवरून बंद झाली. युद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. हॅकेट यांची गोष्ट जातीची नव्हती, वयाची होती. पण गरज पडली की दार उघडायचं हा हिशोब दोन्हीकडे सारखाच.

ती गरज कशी पडली ते सांगायचं तर फ्रान्समध्ये जावं लागेल, आणि तिथे आधी आपलीच माणसं भेटतात. १९१४ च्या शेवटी फ्रान्समध्ये जी हिंदी फौज लढत होती तिच्यात किरकीचे बॉम्बे सॅपर्सही होते. २० डिसेंबर १९१४ रोजी जिव्हेन्शी आणि फेस्टुबर्ट या गावांच्या दरम्यान हिंदी फौजेची सरहिंद ब्रिगेड खंदकात बसली होती. जर्मनांनी गुपचूप जमीन पोखरून त्यांच्या खंदकाखाली दहा सुरुंग पेरले होते. ते एकदम उडाले आणि मागोमाग हल्ला झाला. किल्ल्याच्या तटाला सुरुंग लावण्याची गोष्ट आपण शिवकाळापासून ऐकत आलोय, तीच विद्या इथे नव्याने वापरात आली. उघड्या मैदानात समोरून येणाऱ्या शत्रूला शिपाई तोंड देतो, पण पायाखालच्या जमिनीला कसं तोंड देणार? सैन्यात त्या प्रकाराची दहशत बसली.

तेव्हा इंग्रज सेनापतींच्या लक्षात आले की हे काम शिपायाचे नाही, जमिनीखाली राबणाऱ्याचे आहे. नॉर्टन-ग्रिफिथ्स नावाचे एक बडे ठेकेदार आणि पार्लमेंटचे सभासद होते, त्यांची माणसे मँचेस्टरमध्ये चिकणमातीतून गटारांचे बोगदे खणत होती. फेब्रुवारी १९१५ मध्ये त्यातली काही माणसे कामावरून उचलून फ्रान्सला नेली, काही दिवसांपूर्वी गटार खणणारा माणूस शिपाई झाला. मग रॉयल इंजिनियर्समध्ये बोगदेवाल्यांच्या स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या. मजुरी ठरली ती ऐकण्यासारखी आहे. साध्या पायदळ शिपायाला दिवसाला १ शिलिंग, आणि कुशल बोगदेवाल्याला ६ शिलिंग! ज्या हातांना कंपनी मातीचे पैसे द्यायला तयार नव्हती त्या हातांची किंमत अशी वाढली. वयाचीही अट ढिली झाली. पिकल्या केसांचे खाणवाले भरती होऊ लागले.

हॅकेट २५ ऑक्टोबर १९१५ रोजी भरती झाले. चॅथमला दोन आठवडे कवायत, आणि लगेच फ्रान्स. २५४ व्या टनेलिंग कंपनीत ते सॅपर म्हणून काम करू लागले. सॅपर म्हणजे इंजिनियर दलातला सर्वात खालचा शिपाई.

इथले बोगदे खाणीपेक्षा निराळे. खाणीत आवाज करता येतो, इथे नाही. ज्याचा आवाज आधी ऐकू जाईल तो मेला. चिकणमातीत माणूस एका आडव्या फळीवर पाठ टेकून तिरपा पडायचा आणि दोन्ही पायांनी फावडं मातीत दाबायचा. कुदळीचा घाव नाही, नुसता दाब. दुसरा माणूस निघालेली माती पोत्यात भरायचा, तिसरा मागे ओढायचा. बोगद्यात ताठ उभं राहता येत नाही, दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. मेणबत्तीचा उजेड, खाली पाणी. स्फोट झाल्यावर आत राहणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी किंवा उंदीर ठेवायचे, तो पडला की माणसांनी पळायचं. मधेच काम थांबवून कान मातीला लावायचे. पलीकडून जर्मन खणतोय का? तोही बहुधा त्याच्या देशातला खाण कामगारच. वर राजेमहाराजे भांडत होते आणि खाली कामगार कामगाराचा आवाज ऐकत बसला होता. त्याचा बोगदा जवळ आला की लहानसा सुरुंग उडवून तो आतल्या माणसांसकट दाबून टाकायचा. हे काम हॅकेट यांनीही केले असेल, युद्धात गेलेल्या माणसाचे हात स्वच्छ राहत नाहीत, ते लपवण्यात अर्थ नाही.

घरची खबर पत्राने यायची. पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, उत्तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. मुंबईच्या चाळीतून आमच्या बापजाद्यांनी अशीच कार्डं लिहून घेतली, लिहिणाऱ्या पोरासमोर बायकोला काय सांगायचं आणि काय नाही या संकोचात अर्धं मनातलं मनातच ठेवलं. जानेवारी १९१६ मध्ये हॅकेट यांना जी खबर आली ती अशी : चौदा वर्षांचा आर्थर मॅन्व्हर्स मेन खाणीत कामाला लागला होता. डब्यांच्या अपघातात त्याचा पाय चेंगरला आणि कापावा लागला. बाप फ्रान्समध्ये जमिनीखाली, मुलगा यॉर्कशायरमध्ये जमिनीखाली. पोरगा इस्पितळात असताना आपण परमुलखात पडलोय याचं फार वाईट वाटतं असं त्यांनी घरी लिहून पाठवलं. रजा घेऊन निघावं अशी ती नोकरी नव्हती.

आर्थरविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. युद्धावर न जाता त्या घरातला पहिला जखमी तोच झाला. त्याला कोणी पदक दिलं नाही. खाणीत रोज माणसं जायची, पाय जायचे, बोटं जायची, त्याची मोजदाद कोणत्याही स्मारकावर नाही.

आता जून १९१६. जिव्हेन्शी गावाजवळ, जिथे दीड वर्षापूर्वी हिंदी ब्रिगेडच्या पायाखालची जमीन उडाली होती त्याच टापूत, २५४ व्या कंपनीचे काम चालले होते. बोगद्याला शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यू हे लंडनच्या एका रस्त्याचे नाव दिले होते. विहिरीसारखा सुमारे ३५ फूट खोल खड्डा, आणि त्याच्या तळापासून जर्मनांच्या दिशेने जाणारे भुयार. २१ जूनच्या रात्रपाळीला पाच माणसे आत होती. त्यात हॅकेट आणि टॉमस कॉलिन्स नावाचा २२ वर्षांचा एक पोरगा. कॉलिन्स वेल्समधल्या स्वान्सीचा, वेल्श रेजिमेंटच्या १४ व्या बटालियनचा, बोगदेवाल्यांच्या हाताखाली मदतीला दिलेला. आपल्याकडच्या बदली कामगारासारखा म्हणा.

२२ जूनच्या पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी जर्मनांनी फार मोठा सुरुंग उडवला. वर रॉयल वेल्श फ्युसिलिअर्सची पलटण होती, तिच्या एका कंपनीतली निम्म्याहून अधिक माणसे त्या एका क्षणात गेली. जमिनीला जो प्रचंड खड्डा पडला त्याला त्या पलटणीच्या लाल ड्रॅगनच्या निशाणीवरून रेड ड्रॅगन क्रेटर नाव पडले. खाली शाफ्ट्सबरीचे भुयार मधेच ढासळले. आतल्या पाचांचा आणि विहिरीचा संबंध तुटला.

वरून बोगदेवाले खणू लागले. त्यांना वेगळा हुकूम लागला नाही. मोडक्या लाकडांतून, ढासळत्या मातीतून वीस तास खणल्यावर माणूस जेमतेम सरपटून येईल असे एक भोक पडले. हॅकेट त्या भोकाच्या तोंडाशी होते. त्यांनी एकाला पुढे केले, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिघे बाहेर आले. चौथे खुद्द हॅकेट यायचे. त्यांना मार लागलेला नव्हता, येणं सोपं होतं, बाहेरची माणसं हात पुढे करून बोलावत होती. पण आत कॉलिन्स गंभीर जखमी होऊन पडलेला, त्याला त्या भोकातून सरपटणं शक्य नव्हतं. हॅकेट यांनी बाहेरच्यांना कळवलं की आपण बोगदेवाले आहोत, आधी दुसऱ्याचं बघणं हे आपलं काम. भोक हळूहळू बुजत चाललं होतं. पुन्हा विनवलं. पुन्हा नकार. मग माती खाली आली आणि भोक बंद झाले.

बाहेरच्यांनी काम सोडले नाही. चार दिवस खणत राहिले, पण दोघांपर्यंत पोचता आले नाही. हॅकेट यांच्या मृत्यूची तारीख २७ जून १९१६ अशी नोंदली गेली. सोळा दिवसांपूर्वी त्यांना त्रेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती.

वाचकांच्या मनात जो प्रश्न येईल तो आम्ही टाळणार नाही. घरी बायको, लहान मुलगी, पाय गेलेला मुलगा. अशा माणसाला परक्या पोरासाठी मरायचा काय अधिकार? आम्ही ही गोष्ट पाळीनंतर सोबत्यांना सांगितली तेव्हा दोघा-तिघांनी हेच विचारलं, आणि एका बाईनं तर स्पष्ट सांगितलं की अ‍ॅलिसच्या जागी मी असते तर त्या नवऱ्याला कधी माफ केलं नसतं. तिचं म्हणणं खोटं नाही. पराक्रमाच्या गोष्टी सांगणारे लोक घरातल्या बाईचा हिशोब कधी धरत नाहीत. पण आमचं उत्तर असं आहे. हॅकेट यांनी त्या भोकाच्या तोंडाशी घर एका पारड्यात आणि कॉलिन्स दुसऱ्या पारड्यात ठेवून तोलले असतील असं आम्हाला वाटत नाही. वीस-बावीस वर्षे खाणीत काढलेल्या माणसाला तो तोलण्याचा विषयच नव्हता. आणि दुसरं असं की त्या बिचाऱ्या कॉलिन्सलाही कुणीतरी आई होती. त्या काळोखात शेवटपर्यंत कुणीतरी जवळ होतं हे तिला कळलं असेल तर त्याची किंमत करणारे आपण कोण? एवढं बोलूनही त्या बाईंच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर झालं असा आमचा दावा नाही. अ‍ॅलिसबाईंना त्यानंतर जे दिवस काढावे लागले ते त्यांनी एकटीनं काढले.

हॅकेट यांच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी, १ जुलै १९१६ रोजी, सोमची प्रसिद्ध लढाई सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी इंग्रजांची एकोणीस हजारांहून अधिक माणसे मेली. एवढ्या प्रेतांच्या राशीत एका सॅपरची गोष्ट हरवून जायची. पण कंपनीच्या लोकांनी ती वर कळवली. ५ ऑगस्ट १९१६ च्या सरकारी गॅझेटमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. जमिनीखालच्या बोगद्यातील कामगिरीसाठी त्या युद्धात हे पदक मिळालेले हॅकेट हे एकटेच.

२९ नोव्हेंबर १९१६ रोजी अ‍ॅलिसबाई लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात गेल्या. चार वर्षांपूर्वी केडबीच्या खाणीच्या तोंडाशी उभा राहिलेला राजा पाचवा जॉर्ज, त्याच्याच हातून त्यांनी नवऱ्याचे पदक घेतले. लिहिता वाचता न येणाऱ्या एका खाणवाल्याची बायको, अंगावर काळे कपडे घालून त्या दिवाणखान्यात कशी उभी राहिली असेल याचे चित्र आम्ही मनाशी पुष्कळदा काढून पाहिले आहे.

हॅकेट यांची कबर नाही. बेल्जियममध्ये प्लुगस्टीर्ट येथे ज्यांचे शव हाती लागले नाही अशा सैनिकांचे एक मोठे गोल स्मारक आहे, त्याच्या भिंतीवर त्यांचे नाव कोरले आहे. मेक्सबरोतही त्यांचे स्मारक आहे. पदक रॉयल इंजिनियर्सच्या संग्रहालयात, जिथे त्यांची दोन आठवड्यांची कवायत झाली त्या चॅथमजवळ आहे. ज्या खाणींनी त्यांना घडवले आणि त्यांच्या मुलाचा पाय घेतला त्या खाणीही आता नाहीत. केडबीची खाण १९८६ साली बंद झाली, मॅन्व्हर्स मेन १९८८ साली. त्याआधी १९८४-८५ मध्ये इंग्लंडच्या कोळसा कामगारांनी वर्षभर संप केला होता आणि डॉनच्या खोऱ्यातले लोक त्यात आघाडीवर होते. बंद गिरणीच्या दारावरून जाताना आम्हाला जे वाटतं ते तिथल्या म्हाताऱ्यांनाही वाटत असेल.

जिव्हेन्शीला मात्र बरीच वर्षे काहीच नव्हते. शेत होते, त्यात पीक येत होते. अभ्यासकांनी जुन्या लष्करी नकाशांवरून शाफ्ट्सबरी भुयाराची जागा शोधून काढली आणि १९ जून २०१० रोजी तिथे बोगदेवाल्यांचे स्मारक उघडण्यात आले. त्यावर हॅकेट यांच्याबरोबर कॉलिन्सचेही नाव आहे, हे योग्यच झाले. दोघांना उकरून वर काढलेले नाही. स्मारकाच्या जवळ, सुमारे चाळीस फूट खाली, ते दोघे अजून तिथेच आहेत.